पाहणें, दिसणें आणि वीज

अंबरनाथच्या शिवालयास आमच्या शाळेची सहल बहुधा दरवर्षीं जाते. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख ज्यांत सांपडला तें हें देऊळ शिलाहार राजांच्या वेळचें असून, साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ पावसाळे अंगावर घेतल्यामुळें त्याच्या बाह्यांगावरील पुष्कळशीं शिल्पें झिजून गेलीं आहेत. गेल्या सहलींत अशाच एका झिजलेल्या शिल्पासमोर नववींतील एक विद्यार्थी बराच वेळ उभा होता. त्यास तेथें नुसता खडबडीत दगड दिसत होता. शेजारच्या मुलानें बोटानें कपाळ, नाक व हनुवटी दाखवितांच तो एकदम ओरडला, "दिसला! चेहरा दिसला!" आणि मग कांहीं केल्या त्यास तो नुसता दगड पुन्हां दिसेना. दगड तोच, ऊन तेंच, डोळेहि तेच. मग एका क्षणांत बदललें तें काय? परतीच्या वाटेवर त्यानें हा प्रश्न आम्हांस विचारला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचें लांबलेलें उत्तर होय.

आपल्या भाषेंत 'पाहणें' आणि 'दिसणें' असे दोन निराळे शब्द आहेत, हें मोठें सोयीचें आहे. पाहणें आपण करतों. दिसणें आपणांस घडतें. 'मी पाहिलें, पण मला दिसलें नाहीं' ह्या वाक्यांत कोणासहि विसंगति वाटत नाहीं. ह्या दोन शब्दांमध्यें जें अंतर आहे त्याचाच शोध आज अनेक देशांतील शास्त्रज्ञ घेत आहेत, आणि त्या कामीं त्यांनीं डोक्यावर बाहेरून लावलेल्या अगदीं सौम्य विजेची मदत घेतली आहे.

प्रथम दिसण्याचा लहरीपणा पाहूं. पावसाळ्यांत सायंकाळच्या गाडीनें कल्याणहून बदलापुराकडे जातांना खिडकीची कांच खालीं ओढलेली असते व बाहेर अंधार पडलेला असतो. त्या कांचेंत घटकेंत विठ्ठलवाडी-उल्हासनगरचे दिवे दिसतात, तर घटकेंत डब्यांतील आपलाच चेहरा. दोहोंकडील प्रकाश डोळ्यांत एकाच वेळीं शिरत असतो. परंतु मनापुढें बहुधा एकच चित्र ठळकपणें उभें राहतें. इंग्लंडांत चार्ल्स व्हीट्स्टन ह्यानें १८३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्याहून नेटका प्रयोग दिला आहे. आरशांच्या एका यंत्रानें त्यानें दोन डोळ्यांपुढें दोन भिन्न अक्षरें धरलीं. दोहोंची स्थिर सरमिसळ झाली नाहीं. कांहीं क्षण एक अक्षर दिसे, मग तें विरून दुसरें पुढें येई. आमच्या वाचकांस हा प्रयोग घरींहि करतां येईल. वहीच्या कागदाच्या दोन नळ्या करून दोन डोळ्यांस लावाव्या. एक नळी भिंतीवरील तांबड्या कागदाकडे व दुसरी हिरव्या कागदाकडे रोखावी. थोड्या वेळानें तांबडा व हिरवा रंग आळीपाळीनें, कधीं तुकड्यातुकड्यांनीं, एकमेकांस हुसकून लावूं लागतील. भिंतीवर कांहींच बदलत नसतें.

तर मग ही अदलाबदल होते कोठें? डोळ्याच्या पडद्यावर उमटलेली खबर मज्जातंतूंवाटे मेंदूच्या अगदीं मागल्या भागांत, म्हणजे मानेच्या वर डोक्यास जो फुगवटा हातास लागतो त्याच्या आंतल्या बाजूस, पोंचते. हें निश्चित होण्यास युद्धें कारण झालीं, हें सांगतांना मन कचरतें. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धांत नव्या बंदुकींच्या बारीक गोळ्या कवटीच्या आरपार जात व तरीहि शिपाई वाचत. तात्सुजी इनोउये ह्या जपानी नेत्रवैद्याकडे अशा जखमी शिपायांची दृष्टि किती गेली हें ठरविण्याचें काम होतें, कारण त्यावर त्यांचें निवृत्तिवेतन अवलंबून असे. गोळी कोठून शिरली व कोठून निघाली ह्याची रेषा आंखून त्यानें दाखविलें कीं मेंदूच्या मागल्या भागाचा अमुक कोपरा गेला तर दृष्टिक्षेत्राचा अमुक तुकडा जातो. डोळे मात्र शाबूत! पुढें पहिल्या महायुद्धांत गॉर्डन होम्स ह्या आयरिश वैद्यानें हाच नकाशा आणखी बारकाईनें तयार केला.

ह्याहूनहि चमत्कारिक हकीकत १९७४ सालीं लॉरेन्स वाइसक्रांट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केली. मेंदूच्या त्या भागाचा तुकडा शस्त्रक्रियेंत काढावा लागलेला एक रुग्ण आपणांस एका बाजूचें कांहींएक दिसत नाहीं असें शपथेवर सांगे. परंतु 'अंदाजानें बोट दाखव' म्हटलें कीं त्याचें बोट दिव्याच्या ठिकाणीं बहुधा बरोबर जाई. त्याचा डोळा पाहत होता, मेंदूचा कोणता तरी भागहि पाहत होता. त्याला स्वतःला मात्र दिसत नव्हतें. पाहणें व दिसणें हीं खरोखरच वेगळीं करतां येतात, ह्याला ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आतां विजेकडे वळूं. जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर ह्या मनोवैद्यानें १९२४ सालीं माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत्लहरी टिपल्या व १९२९ मध्यें तें वृत्त छापलें. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला असतां सेकंदास सुमारें दहा आंदोलनांची एक संथ लाट त्यास आढळली. डोळे उघडतांच ती ओसरे. प्रथम कोणी फारसा विश्वास ठेविला नाहीं. १९३४ सालीं केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज ह्यांनीं तीच लाट दाखविल्यावर मात्र शंका मावळली. तेव्हांपासून लाट आणि दिसणें ह्यांचा कांहीं तरी संबंध आहे हें पुन्हां पुन्हां दिसून आलें आहे. पण संबंध कोणता?

येथें आमच्या गांवचाच एक दाखला देतों. कारखान्याचा भोंगा वाजला कीं कामगार फाटकाबाहेर पडतात, हें अंबरनाथच्या वडील मंडळींनीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे. एखादा परका मनुष्य टेंकडीवर बसून रोज हें टिपीत राहिला तर भोंग्यामुळेंच माणसें बाहेर येतात असें तो म्हणेल. परंतु कदाचित् भोंगा आणि कामगार दोघेहि भिंतीवरील घड्याळ पाहून चालत असतील, व भोंगा मुका झाला तरी पाळी वेळेवरच सुटेल. नुसतें टिपून हा निकाल लागणार नाहीं. त्याला एकच उपाय: एके दिवशीं भोंगा आपल्या हातानें दहा मिनिटें अगोदर वाजवावयाचा आणि फाटकाकडे पाहावयाचें. मेंदूची लाट हा भोंगा आहे. 'दिसलें' हें फाटकांतून बाहेर पडणारें माणूस आहे. आणि डोक्यावर लाविलेली वीज म्हणजे भोंग्याच्या दोरीपर्यंत पोंचलेला आपला हात.

डोक्यास वीज लावण्याची कल्पना तशी जुनी आहे. १७५५ सालीं फ्रान्समध्यें शार्ल ल र्‍वा नांवाच्या वैद्यानें एका आंधळ्या तरुणाच्या डोक्याभोंवतीं तार गुंडाळून लेडन बाटलींतील वीज सोडली. बिचाऱ्याला ज्वाळांसारखा प्रकाश दिसला. दृष्टि मात्र आली नाहीं. १९८० सालीं मर्टन व मॉर्टन ह्यांनीं लंडनमध्यें कवटीवरून जोराचा क्षणिक धक्का देऊन हातापायांस हिसका आणला व डोक्याच्या मागें दिल्यास प्रकाशाचा भास होतो हें दाखविलें, परंतु तो धक्का दुःखदायक असे. १९८५ मध्यें शेफील्ड येथें बार्कर व मंडळींनीं लोहचुंबकीय वेटोळ्यानें वेदनेवांचून तसेंच कार्य साधलें. अगदीं सौम्य विजेचें आजचें युग २००० सालीं जर्मनींतील गटिंगन येथें निचे व पाउलुस ह्यांच्या प्रयोगांनीं सुरू झालें असें म्हणावयास हरकत नाहीं. अवघ्या एका मिलिअँपिअरच्या प्रवाहानें मेंदूच्या हालचालींच्या भागाची तत्परता कांहीं मिनिटें वाढवितां किंवा घटवितां येते, असें त्यांनीं दाखविलें.

यंत्र अगदीं साधें असतें. रबराच्या दोन पट्ट्या मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या स्पंजांत घालून डोक्यावर बांधतात, त्यांतील एक बहुधा मागल्या फुगवट्यावर. आणि बॅटरीवर चालणाऱ्या नियंत्रकांतून एक ते दोन मिलिअँपिअर वीज सोडतात. यंत्रावर जो बारीक तांबडा दिवा लुकलुकतो त्याला ह्याच्या कितीतरी पट वीज लागते, ह्यावरून प्रमाण ध्यानांत यावें. हा प्रवाह दोन जातींचा असतो, व त्या दोन्ही जाती आमच्या लोहमार्गानें अनुभविल्या आहेत. कल्याणहून पुण्यास जाणारा आमचा मार्ग १९३० पर्यंत विजेवर आला तो १५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर, म्हणजे सदैव एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेवर. चालू शतकांत त्यावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, जो सेकंदास ५० वेळां पुढें-मागें आवर्तनें करतो. मेंदूच्या प्रयोगांतहि दिष्ट प्रवाह पेशींस किंचित् अधिक वा उणें तत्पर करतो. २००१ सालीं गटिंगनलाच आंद्रेआ आंतल हिनें दाखविलें कीं ऋण अग्र डोक्याच्या मागें ठेविलें असतां फिकट रेघा ओळखणें कांहीं वेळ कठीण जातें. प्रत्यावर्ती प्रवाहाचें काम निराळें. झोपाळ्यावरील मुलास त्याच्याच झोंक्याच्या वेळीं बोटभर ढकललें तरी झोंका वाढतो, किंचित् लवकर ढकलीत राहिलें तर झोंका हळूहळू त्या तालावर येऊं पाहतो. त्याप्रमाणें मेंदूची स्वतःची लाट बाहेरच्या तालावर ओढून घ्यावी, हा हेतु.

ह्या प्रयोगांतील एक युक्ति आम्हांस फार आवडते. वीज सुरू होतांच कातडीस मुंग्या येतात, आणि 'आतां आपणांस वीज लाविली' एवढ्या जाणिवेनेंच माणसाचें उत्तर बदलूं शकतें. म्हणून कांहीं जणांस वीज सुरू करून अर्ध्या मिनिटाच्या आंत गुपचूप बंद करतात. मुंग्या तर थोड्या वेळांत एरव्हींहि थांबतात, त्यामुळें आपल्या डोक्यावर वीज आहे कीं नाहीं हें बसलेल्यास सहसा कळत नाहीं. मग दोन्ही प्रकारच्या लोकांचीं उत्तरें ताडून पाहतात.

असें असूनहि ह्या विद्येला एक मोठी ठेंच लागली, आणि ती ठेंचच आम्हांस ह्या विषयांतील सर्वांत बोधप्रद गोष्ट वाटते. २००८ सालीं र्‍योता कानाइ व त्याच्या सहकाऱ्यांनीं डोक्याच्या मागें प्रत्यावर्ती प्रवाह लावून असें जाहीर केलें कीं माणसास डोळ्यांपुढें लुकलुकणारा प्रकाश दिसतो. उजेडाच्या खोलींत सेकंदास सुमारें २० आवर्तनांना तो सर्वांत स्पष्ट, तर अंधारांत सुमारें १० आवर्तनांना. अंधारांत १०, म्हणजे बर्गरची ती मिटल्या डोळ्यांची लाट! भोंग्याची दोरी हातीं लागली असें अनेकांस वाटलें. परंतु लवकरच शंका निघाली. डोक्यास लाविलेली वीज एका जागीं थोडीच राहते? ती कातडीखालून चेहऱ्यापर्यंत झिरपते, आणि डोळ्याचा पडदा विजेला इतका हळवा आहे कीं अगदीं अत्यल्प अंशहि त्यास चेतवूं शकतो. उजेडांत व अंधारांत फरक पडतो हें खरें. पण उजेड-अंधाराप्रमाणें डोळ्याच्या पडद्याचें काम तरी कोठें सारखें राहतें? २०१० आणि २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या शोधांत अग्रांच्या जागा बदलून पाहिल्या. दृष्टीचा मेंदू डोक्याच्या मागें आहे. तेव्हां त्यालाच वीज लागत असती तर मागच्या अग्रानें भास अधिक व्हावयास हवा होता. झालें उलट: अग्र कपाळाकडे, डोळ्यांजवळ आलें कीं लुकलुक वाढे. सारांश, तो प्रकाश बहुतांशीं डोळ्यांतच उत्पन्न होत होता. मेंदूचा प्रश्न विचारावयास गेलेल्यांस डोळ्यानें परस्पर उत्तर दिलें होतें.

आणखीहि दोन अडचणी उघड झाल्या. २०१८ सालीं मृत देहांवर मोजमाप केलें तेव्हां बाहेर लाविलेल्या विजेचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग कातडी व कवटींतच खर्ची पडतो असें आढळलें. २०१९ मधील एका शोधानें तर असें सुचविलें कीं शरीराच्या हालचालींवर दिसणारा परिणाम पुष्कळसा कातडींतील मज्जातंतूंवाटेच होत असावा. आमच्या दाखल्यांत बोलावयाचें तर दोरी ओढली खरी, पण वाजली ती शेजारच्या शाळेची घंटा.

अशा स्थितींत सर्वांत चतुर प्रयोग आम्हांस २०१५ सालचा वाटतो. त्याचें मूळ २००० सालीं लॅडन शम्स व तिच्या दोघां सहकाऱ्यांनीं दाखविलेल्या एका भ्रमांत आहे. दिवा एकदांच चमकावा, पण त्याचबरोबर 'टिक्-टिक्' असे दोन लहान आवाज लागोपाठ व्हावे. पुष्कळांस दिवा दोनदां चमकलेला दिसतो. आवाजांमधील अंतर सेकंदाच्या सुमारें एक-दशांशाच्या आंत असलें तर हा भ्रम बळावतो, त्याहून पुष्कळ वाढलें तर मावळतो. सेकंदाचा एक-दशांश म्हणजे बर्गरच्या लाटेचें एक आवर्तन. चेचेरे, रीस व रोमेई ह्यांनीं प्रत्येक माणसाची लाट मोजली. कोणाची सेकंदास नऊ, कोणाची अकरा, असा थोडाथोडा फरक असतोच. ज्याची लाट संथ त्याची भ्रमाची मुदत लांब, ज्याची जलद त्याची आंखूड, असें त्यांस आढळलें. येथवर हें टेंकडीवरून टिपणें झालें. मग त्यांनीं त्या माणसाच्याच लाटेहून सेकंदास दोन आवर्तनें कमी, व पुन्हां दोन आवर्तनें अधिक, असा प्रवाह डोक्याच्या मागें लाविला. संथ तालानें मुदत लांबली. जलद तालानें आंखडली. वीज तेवढीच, अग्रें तींच, डोळ्यांकडे होणारी गळतीहि जवळजवळ तीच, फरक तालाचा. केवळ डोळ्यांतील लुकलुकीनें ह्याचा उलगडा करणें कठीण आहे.

म्हणजे निकाल लागला काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका काळजीपूर्वक अभ्यासांत लाटेची गति व असा भ्रम ह्यांचा संबंध पाहूं जातां तो आढळलाच नाहीं, आणि वाद अजून चालू आहे. आमच्या कांहीं वाचकांस हें ऐकून निराशा वाटेल. पण फाटकाशीं एकदां गर्दी दिसली म्हणून दुसऱ्यानें दोरी ओढून पाहूंच नये, असा ह्या विद्येंत नियम नाहीं.

आतां त्या नववींतल्या विद्यार्थ्याकडे पुन्हां येतों. तो बदलापुराहून रोज गाडीनें येतो व वाटेंत मोबाईलवर पुष्कळ वाचतो. आमचें उत्तर अर्धें ऐकून झाल्यावर कांहीं दिवसांनीं तो एक चित्र घेऊन आला: नऊ व्होल्टची बॅटरी, दोन तारा, दोन ओले स्पंज, आणि खालीं लिहिलेलें कीं ह्यानें परीक्षेपूर्वीं एकाग्रता वाढते. बॅटरी त्यानें विकत घेऊनहि ठेविली होती. आम्ही ती प्रथम ताब्यांत घेतली व मग बोललों. नियंत्रकावांचून जोडलेल्या बॅटरींत किती वीज वाहील हें कातडीच्या ओलीवर अवलंबून असतें व ती भाजूं शकते. फेंफऱ्याचा विकार असलेल्यांस सामान्यतः अशा प्रयोगांत घेतच नाहींत. अग्र दोन बोटें सरकलें तर परिणाम बदलतो. एक काम सुधारतांना दुसरें बिघडूं शकतें. आणि वाढत्या वयाच्या मेंदूवर वारंवार असें केल्यास काय होईल ह्याची हमी कोणीहि देत नाहीं. २०१६ सालीं ह्या विषयांतील संशोधकांनींच घरगुती प्रयोग करणाऱ्यांस उद्देशून असें प्रकट पत्र लिहिलें होतें. बंगळूरच्या निमहॅन्स संस्थेंत, ज्यांस नसलेले आवाज ऐकूं येतात अशा मनोरुग्णांवर दिष्ट प्रवाहाचे प्रयोग झाले आहेत. पण तेथें रुग्णाजवळ डॉक्टर उभा असतो. मुलानें सर्व ऐकून घेतलें. "पण मग मला माझ्या मेंदूचें काय पाहतां येईल?" असें त्यानें विचारलें, आणि त्याचें तें विचारणें रास्त होतें.

तेव्हां डोक्यास कांहींएक न लावतां शम्सबाईंचा भ्रम शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत मांडावयाचें ठरलें. ती जप्त बॅटरीच कामास आली. काळ्या पुठ्ठ्यावर मधोमध एक फुली, तिच्या खालीं चांगलें वीतभर अंतरावर एक बारीक दिवा, आणि मागें एक लहान आवाज करणारें यंत्र. नजर फुलीवरच ठेवावयाची, कारण दिवा नजरेच्या कडेस असला म्हणजे भ्रम अधिक ठळक होतो. पालक रांगेनें येत, बसत, आणि 'किती वेळां चमकला?' ह्या प्रश्नास वहींत उत्तर लिहून जात. पुष्कळांनीं दोन लिहिलें. कांहींनीं एक लिहून शेजाऱ्याशीं वाद घातला. सायंकाळीं गर्दी ओसरल्यावर आम्हीहि त्या बाकावर बसलों. तारा आमच्याच हातच्या जोडलेल्या होत्या व दिवा एकदांच चमकतो हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. मुलानें कळ दाबली. आम्हांस तो दोनदां चमकलेला दिसला.